पडलेल्या घराच्या जागेवर मेटल डिटेक्टर सारखा किरकिरतो, तेव्हा काय तपासायचं

आधी लक्षणं लिहितो, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का हे कळेल.

मोकळ्या शेतात मशीन शांत चालते, पण जुन्या घराच्या जागेत पाऊल टाकलं की चिवचिवाट सुरू. पडद्यावरचा आकडा, जो खाली कोणता धातू आहे ते सुचवतो, एका जागी ठरत नाही. डावीकडून उजवीकडे नेताना तांब्याचा दिसतो, परत येताना खिळ्याचा. झोक्याच्या दोन्ही टोकांना आवाज, मधे काही नाही. खणायला घेतलं की आवाज गायब, आणि हातभर खड्डा केल्यावर हाती विटेचा तुकडा. कधी मशीन हवेत स्थिर धरली तरी बोलत राहते, कधी घड्याळासारखी ठरावीक अंतराने टिक टिक करते. आणखी एक प्रकार म्हणजे पहिला अर्धा तास सगळं ठीक, मग हळूहळू बिघडत जातं.

मी इंदूरला पस्तीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. आता दुकान बंद आहे, पण नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांच्या या मशिनी माझ्याकडे येत राहतात, कारण सर्किट बघणारा माणूस म्हणून नाव झालंय. शेतात पडलेली अंगठी, गाडलेला पाइप, नांगराचा तुटलेला फाळ शोधायला लोक मशीन घेतात, आणि मग कधीतरी आजोबांच्या मळ्यातल्या पडलेल्या घराची आठवण होते. आतापर्यंत "बिघडली" म्हणून आलेल्यांपैकी खरोखर बिघडलेल्या मोजून तीन निघाल्या. बाकीच्यांचं दुखणं जमिनीत, खिशात किंवा शेजारच्या विजेच्या तारेत होतं.

गेल्या ऑक्टोबरात सांवेरकडून आतेभावाचा फोन आला. "दादा, ही मशीन तर पागल झाली. एक पाऊल टाकू देत नाही!" सोयाबीन निघालं होतं, गव्हाची पेरणी व्हायची होती, मधले आठ-दहा दिवस जमीन रिकामी. त्यांचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. माणसं गावात राहायला गेली, छप्पर बसलं, दोन-चार पावसाळ्यांत भिंती विरघळल्या, चांगली लाकडं आणि दगड लोकांनी नेले. आता तिथे एक चिंच, बुजत आलेली विहीर आणि उंबऱ्याचा एक दगड आहे. मी बसने गेलो. सकाळी निघताना पोहे-जिलबी खाल्ली, तेवढीच त्या दिवसाची निवांत वेळ.

आधी मशीन उचला आणि तीन गोष्टी बघा

काहीही फिरवण्याआधी, बटणं दाबण्याआधी ही परीक्षा करा. पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात.

मशीन कमरेच्या उंचीवर धरा, कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) जमिनीला समांतर, आणि हात अजिबात हलवू नका. तरीही बोलत असेल तर दोष हवेतून येतोय, म्हणजे वीज, मोबाइल किंवा मशीनच्या आतला बिघाड. हवेत गप्प, पण जमिनीजवळ आणून वरखाली केली की ओरडते, तर दोष मातीचा. हवेतही गप्प, वरखाली करतानाही गप्प, पण एका ठरावीक जागेवरून नेली की दर वेळी त्याच जागी बोलते, तर खाली खरोखर काहीतरी आहे, आणि ते बहुतेक लोखंड आहे.

ही वर्गवारी चुकली की पुढचं सगळं चुकतं. आतेभावाने सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक खूण पकडते ते) खाली-वर, मोड बदल, पुन्हा फॅक्टरी रीसेट, असं सगळं करून झालं होतं. मशीन उचलून स्थिर धरायचं मात्र सुचलं नव्हतं.

बॅटरी, खिसे, बूट

सगळ्यात स्वस्त म्हणून आधी हे.

साधे झिंक-कार्बन सेल मोजताना १.५ व्होल्ट दाखवतात, पण मशीनने करंट ओढला की बसतात. मशीन अर्ध्या तासाने बिघडते ती बहुतेक याच कारणाने. म्हणून सेल बाहेर काढून मोजू नका. आत बसवून, मशीन चालू ठेवून मल्टीमीटर लावा. रिचार्जेबल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे चार सेलच्या डब्यात ६ ऐवजी ४.८. काही मशिनींना हे चालतं, काहींचा पडदा सुरुवातीपासूनच बॅटरी अर्धी दाखवतो. पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. अल्कलाइन सेल वापरा आणि पावसाळ्यात ते मशीनमध्ये तसेच ठेवू नका. गळले तर पट्ट्यांवर पांढरं साठतं. ते अल्कली असतं, म्हणून लिंबाच्या रसाचा एक थेंब कापसावर घेऊन पुसा, मग कोरडं करा, मग पेन्सिलीचं खोडरबर घासा.

मोबाइल बंद करा, नुसता सायलेंट नको. सायलेंट फोनसुद्धा टॉवरशी बोलत असतो. मोटारसायकलची किल्ली, कमरेचा पट्टा, हातातलं कडं, बुटाच्या टोकातली लोखंडी पट्टी बघा. झोक्याच्या एकाच टोकाला आवाज येत असेल तर कॉइल तुमच्याच बुटाजवळून जातेय. मी हसत नाही, माझ्याकडूनही झालंय. फावडं तर मशीनपासून चार-पाच पावलं लांबच ठेवा.

वीज

हवेत स्थिर धरूनही बोलते, त्या दोषाचं हे घर.

आपल्याकडे शेतावरून ११ केव्हीची लाइन जाते, विहिरीवर तीन फेजची मोटर, स्टार्टर, कुठे सोलर पंपाचा कंट्रोलर. हे सगळं आवाज सोडतं. मशीन हवेत धरून कॉइल हळूहळू आडवीची उभी करा, मग जागेवर फिरा. ठरावीक दिशेला गोंगाट वाढला तर स्रोत तिकडे. शेताला वीज पाळीने येते. ती गेली की मशीन शांत झाली, तर निदान झालंच. त्या वेळेत काम करा. बऱ्याच मशिनींना फ्रीक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असते. एकेक पायरी सरकवून, हवेत धरून, सगळ्यात शांत जागा निवडा.

ठरावीक अंतराने टिक टिक होत असेल तर शेजारच्या शेताची झटका मशीन शोधा. रोजड्यांपासून, म्हणजे नीलगाईंपासून, पीक वाचवायला कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडतात, आणि प्रत्येक झटक्याला डिटेक्टर टिक म्हणतो. आतेभावाच्या मशीनचं अर्धं वेड हेच होतं. शेजारच्या काकांना जाऊन सांगितलं, "काका, दोन तास बंद ठेवता का?" त्यांनी चहा पाजून बंद ठेवली. स्वतः जाऊन तार सोडवायची नाही, एक तर झटका बसतो आणि दुसरं म्हणजे शेजारी कायमचे दुखावतात.

कॉइलचा बाहेरचा भाग

कॉइलच्या खाली प्लास्टिकची झाकणी असते. ती काढा. आत काळ्या मातीचा चिखल वाळून बसलेला असतो, त्यात चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात, आणि ते कॉइलसोबत हलत राहतात. ओल्या फडक्याने पुसा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी; सैल वेटोळं कॉइलच्या वर झुलत असेल तर दर झोक्याला आवाज येणारच. कॉइल धरणारा बोल्ट प्लास्टिकचाच हवा. एकाने तो हरवला म्हणून सायकलचा लोखंडी नट लावला होता आणि तीन महिने मशीन बनवणाऱ्याला शिव्या देत होता.

सेन्सिटिव्हिटी

कमाल ठेवली की खोलवरचं सापडेल असा गैरसमज आहे. काळ्या मातीत कमालीवर मशीन स्वतःच्याच गोंगाटात बहिरी होते. शेवटच्या टोकावरून तीन-चार पायऱ्या खाली आणा, शांत झाली की थांबा. मोठा ढब्बू पैसा शांत मशीनला पाच-सहा इंचांवर मिळतो, ओरडणाऱ्या मशीनला वरच पडलेला मिळत नाही.

काळी आणि पांढरी

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त मशिनी इथेच "बिघडतात".

जुन्या मराठीत गावाच्या शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. ही नुसती बोलण्याची रीत नाही. माळव्याची काळी जमीन दक्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झाली आहे आणि बेसाल्टात मॅग्नेटाइट असतं. वस्तीची जागा वेगळी: पिढ्यान्पिढ्या चुलीची राख, शेण, भिंतींची माती, सारवण, जनावरांचं मूत. माती फिकट होते, क्षार वाढतात, आणि विजेच्या दृष्टीने ती वेगळीच जमीन होते. डिटेक्टर आधी जमीन "वजा" करतो आणि उरलेलं सांगतो. यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. तुम्ही काळीत मशीन जुळवली आणि पांढरीत नेली, तर ती चुकीची जमीन वजा करते. उरतो तो गोंगाट.

आतेभावाने हेच केलं होतं. बांधावर, काळीत, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे व्यवस्थित बॅलन्स, आणि मग थेट घराच्या जागेत.

उपाय सोपा, पण चिकाटी लागते. पांढरीच्या आत अशी वीतभर जागा शोधा जिथे कॉइल फिरवली तर कुठेच आवाज नाही. अंगणाचा भाग बरा, घराच्या आत खिळे असतात. तिथे बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरपासून वीतभर उंचीपर्यंत वरखाली करा, आवाज एकसारखा होईपर्यंत. आपोआप बॅलन्स करणारी मशीन असेल तरी एकदा हाताने करून बघा. राखेच्या ढिगाऱ्यावर गेलात, गोठ्याच्या जागेवर गेलात, की पुन्हा. पाऊस पडून गेला की पुन्हा, कारण ओली माती वीज जास्त वाहते.

पांढरीचा हा दुसरा उपयोगही सांगून ठेवतो. घर नेमकं कुठे होतं ते आठवत नसेल तर मशीन बंद करून जमीन बघा. नांगरट झाल्यावर काळ्या ढेकळांत फिकट पट्टा दिसतो, त्यात कवेलूचे तुकडे असतात. पटवाऱ्याच्या (तलाठ्याच्या) जुन्या नकाशात त्या खसरा नंबरवर, म्हणजे जमिनीच्या नंबरवर, घर किंवा विहीर दाखवलेली असेल तर काम आणखी सोपं.

सगळं करूनही पांढरीत मशीन ठरत नसेल तर कॉइल बघा. दोन डींच्या आकाराची, डबल-डी म्हणतात ती, खनिजांच्या जमिनीत गोल कॉन्सेंट्रिकपेक्षा बरी चालते. आकाराने लहान, पाच-सहा इंचांची असेल तर आणखी बरं: खाली एका वेळी कमी माती येते आणि कमी खिळे. खोली कमी मिळते, पण जे सांगते ते खरं सांगते. नवीन कॉइल विकत घेण्याआधी कुणाची तरी मागून बघा.

भाजलेली माती

हे लहान पण फसवं. लोहयुक्त माती भाजली की तिचं चुंबकत्व वाढतं. म्हणजे वीट, कवेलू, चुलीचे दगड, जळलेल्या भिंतीची माती, सगळं डिटेक्टरला "काहीतरी" वाटतं. खणायच्या आधी कॉइल दोन-तीन इंच वर उचला: धातूचा आवाज हळूहळू क्षीण होतो, विटेचा एकदम तुटतो. तरी शंका असेल तर तुकडा उचलून कॉइलपुढून फिरवा. खड्ड्यात हातभर खाली जाऊन विटेचा तुकडा मिळाला, तर मशीनने तुम्हाला विटेचाच पत्ता दिला होता, आणखी खाली जाऊ नका.

खिळे

मातीच्या घराला किती लोखंड लागतं याचा अंदाज घर पडल्यावरच येतो. दाराच्या बिजागऱ्या, कड्या, साखळ्या, वाशांचे खिळे, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, नाल, विळे, खुरप्यांची पाती, पत्र्याचे डबे. चौकोनी घडीव खिळे तर मूठभर मिळतात.

साधा सरळ खिळा मशीन ओळखते आणि घोगरा आवाज देते. फसवतो तो वाकलेला, गंजलेला किंवा चपटा. त्याच्या टोकाशी आवाज उंच जातो, अगदी तांब्यासारखा. मोठा पत्रा किंवा धावेचा तुकडा तर दोन्ही कडांना छान आवाज देतो आणि मधे गप्प बसतो. वर सांगितलेलं "डावीकडून तांबं, उजवीकडून खिळा" हे लक्षण इथलं.

आवाजाच्या भोवती पाव फेरा फिरा आणि काटकोनात पुन्हा कॉइल न्या. नाणं गोल असतं, कुठूनही सारखं दिसतं. आवाज आणि आकडा टिकतो. खिळा लांबट असतो, दिशा बदलली की आवाज तुटतो किंवा जागा सरकते. पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे नेमकी जागा धरल्यावर, मध्य वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळा येत असेल तर लोखंड समजा. पण दहा खिळ्यांत एक नाणं असेल तर त्याचा आकडाही डळमळतो. म्हणून आवाज एका दिशेने चांगला, दुसरीकडून वाईट असेल तर मी लोखंड गाळणं, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, थोडं कमी करून कॉइल अगदी हळू, अर्ध्या झोक्याने फिरवतो. रिकव्हरी स्पीड वाढवायची सोय असेल तर वाढवा. मग मशीन एका आवाजातून लवकर सावरते आणि जवळचा दुसरा ऐकू येतो.

डिस्क्रिमिनेशन पूर्ण वाढवून सगळं लोखंड बंद करून टाकायचा मोह होतो. त्याने शांतता मिळते, पण खिळ्याच्या बाजूचं नाणंही त्याच्यासोबत गडप होतं. कितीही त्रास झाला तरी मी लोखंड ऐकतो. फावड्याच्या दांड्याला एक चुंबक बांधून ठेवा, वरवरचे खिळे आधी वेचून घ्या. वैतागाचं काम आहे. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी अर्धी बादली खिळे वेचले, आणि त्यानंतर मशीन निम्मी शांत झाली.

खोटं बोलणारी नाणी

आकडा पाहून वस्तू ठरवू नका, विशेषतः आपल्या नाण्यांबाबत. १९८८ पासून दहा, पंचवीस, पन्नास पैशांची आणि पुढे रुपयाची नाणी फेरिटिक स्टीलची आली. चुंबक त्यांना ओढतो, आणि डिटेक्टरवर त्यांचा आवाज लोखंडाशी गोंधळतो. अ‍ॅल्युमिनियमचे षट्कोनी तीन पैसे आणि वीस पैसे मधल्या आकड्यावर येतात, तिथेच गोळ्यांच्या पाकिटांचा चकचकीत कागद आणि पुड्यांचे तुकडेही येतात. तांब्याचा जाड पैसा उंच आणि गोल आवाज देतो. त्यात भोकाचा पैसा, म्हणजे १९४३ नंतरचा, थोडा खाली.

म्हणून घरी एक चाचणीचा वाफा करा. अंगणात चार इंचांवर एक तांब्याचा पैसा, एक स्टीलचा रुपया, एक वीस पैसे आणि एक वाकडा खिळा, वीत-दीड वीत अंतराने पुरा आणि जागा लिहून ठेवा. शंका आली की आधी त्या वाफ्यावर मशीन चालवा. तिथे नीट ओळखत असेल तर मशीन निर्दोष आहे आणि दोष जागेचा.

आमच्याकडे होळकरांचे पैसे मिळण्याची आशा सगळ्यांनाच असते. शिवाजीराव होळकरांच्या तांब्याच्या पैशावर बसलेला नंदी आहे. दुसऱ्या यशवंतरावांच्या १९३५ च्या पाव आणा आणि अर्ध्या आण्यावर त्यांचा चेहरा. असं काही निघालं तर चिंचेने किंवा राखेने घासू नका. आत्याने एक घासला होता, नंदीचं वशिंडसुद्धा गेलं. पाण्यात बुडवून मऊ ब्रशने माती काढा, एवढंच.

खणताना हरवणारा आवाज

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, कधी हातभर खोल. वर पडलेलं नाणं भेगेत जातं आणि पाऊस आला की माती फुगून बंद होते. त्यामुळे नाणं बरेचदा उभं, कडेवर अडकलेलं असतं. कॉइलला त्याची बारीक कडच दिसते, आवाज कमकुवत आणि मध्य सरकलेला. खड्डा करताना ते बाजूच्या भिंतीतून ढेकळासोबत निघून जातं आणि तुम्ही खाली खणत बसता. खड्ड्यात आवाज गेला तर उकरलेल्या ढिगाऱ्यावर कॉइल फिरवा. ढेकूळ फोडा. बहुतेक वेळा वस्तू तिथेच असते.

मे महिन्यात ही माती दगड होते, श्रावणात चिकट. ऑक्टोबरातले ते आठ-दहा दिवस सगळ्यात बरे.

कॉइलची आतली तपासणी

वरचं सगळं झालं, घरच्या वाफ्यावरही मशीन चुकतेय, मोकळ्या मैदानातही बोलतेय, मगच इकडे या. कॉइलला बोटाने हलकी टिचकी मारा. प्रत्येक टिचकीला आवाज आला तर आतलं वेटोळं सैल किंवा तडा गेलेला. वायर कनेक्टरपाशी आणि कॉइलपाशी थोडी थोडी वाकवून बघा. एका ठरावीक कोनात आवाज आला तर वायर आतून तुटत आलीय. कनेक्टर काढून पिनांवर ओल किंवा हिरवट गंज आहे का बघा, असेल तर कोरडा करून पुन्हा घट्ट बसवा. ओल्या गवतात काम केल्यावर बिघडली आणि दोन दिवस सावलीत वाळवल्यावर सुधारली, तर कॉइलमध्ये पाणी शिरतंय. तडा बाहेरून चिकटवून काही दिवस निघतात, पण बुडू देऊ नका.

इथे थांबा

कॉइल फोडू नका. आत रेझिन ओतलेलं असतं आणि दोन वेटोळी केसाएवढ्या फरकाने जुळवलेली असतात. मी स्वतः सर्किटवाला असूनही कॉइल उघडत नाही. हेडफोनचा जॅक, स्पीकर, बॅटरीच्या डब्याची वायर एवढं कोणताही चांगला रेडिओ मेकॅनिक करून देईल. आतले लहान स्क्रूसारखे ट्रिमर त्याला फिरवू देऊ नका. वॉरंटी असेल तर डबा उघडायचाच नाही, विकणाऱ्याकडे परत.

आता मशीनपलीकडचं. जमीन ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी परवानगी हवी, वाटणी न झालेली असेल तर सगळ्या भावांची. संरक्षित स्मारक, गढी, किल्ला, पुरातत्त्व खात्याचा फलक असलेली टेकडी, तिथे मशीन पिशवीतूनही काढायची नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून चालू आहे: जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं, काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि मिळणारा वाटाही जातो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो.

म्हणून मडकं लागलं, नाण्यांचा ढीग लागला, मूर्ती किंवा कोरीव दगड लागला, की हात मागे घ्या. उचलू नका, फोटो काढा, माती परत टाका, कलेक्टर कचेरीत आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. कुठल्या थरात, कशाच्या बाजूला होतं हे एकदा हललं की कुणालाच सांगता येत नाही. हाडं लागली तर पोलीस.

महूच्या बाजूला, सैन्याच्या फायरिंग रेंजच्या आसपास शेत असेल तर डिटेक्टर वापरूच नका. शेपटीसारख्या पंखांची, गंजलेली, नळकांडं वाटणारी वस्तू कुठेही दिसली तर न हलवता मागे फिरा आणि ११२ ला फोन. जमिनीखाली जाड काळी केबल लागली तर बिजली कंपनीला. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जुन्या कोठाराच्या जागी निघतात, छान आवाज देतात. त्या उघडू नका, ओल लागली की विषारी वायू सुटतो. बुजत आलेल्या विहिरीच्या तोंडापासून दहा पावलं लांब, आणि दगडांच्या ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठी.

मशीन मेकॅनिककडे किंवा विकणाऱ्याकडे नेणार असाल तर एका कागदावर चार ओळी लिहून न्या: हवेत स्थिर धरल्यावर बोलते का, वरखाली केल्यावर बोलते का, वाफ्यावर तांब्याचा आकडा किती येतो, आणि मशीन चालू असताना बॅटरी किती व्होल्ट दाखवते. आतेभाऊ आता फोनवर आधी याच चार गोष्टी सांगतो. गेल्या वेळी तिसऱ्या गोष्टीवरच मला कळलं की त्याने पुन्हा काळीतच बॅलन्स केलाय.